तेवीस कोहळ्यांचा दसरा

काल बनशंकरीहून येताना बस मार्केटच्या वळणावर नेहमीसारखी अडकली आणि खिडकीतून कोहळे दिसले. फुटपाथवर जुन्या साड्या अंथरून त्यांवर रांगेने मांडलेले, अंगाला राख फासून बसल्यासारखे. शेजारी केळीचे खुंट भिंतीला टेकवून उभे केलेले, त्यांच्या कापलेल्या बुडातून पाणी झिरपत होतं. शेवंतीच्या राशी अजून लागायच्या होत्या. त्या येतील दोन दिवसांनी. कोहळे मात्र सगळ्यांच्या आधी येतात. बंगळूरचा दसरा मला आधी असा दिसतो आणि मग नाकाला कळतो: केळीच्या खुंटाचा तो ओला, तुरट, थोडा चिखलासारखा वास.

शेजारच्या बाईंनी मला कोपराने हलवलं. उतरणार का, म्हणून विचारत होत्या. मी एकटीच हसत बसले होते म्हणे.

आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवसाला खंडेनवमी म्हणतात, इथे आयुधपूजा. निपाणीजवळच्या आमच्या गावात घराघरांत विड्या वळल्या जायच्या, आणि आमचं घर त्यांतलंच एक. खंडेनवमीला शेजारचे सुतारकाका रंधा पुजायचे, गिरणीवाले गिरणी पुजायचे आणि आई पुजायची तिची कात्री. पानं कापून कापून त्या कात्रीची मूठ काळी झाली होती. एरवी तिला हात लावायची आम्हां भावंडांना सक्त मनाई. त्या दिवशी मात्र ती पाटावर झेंडूच्या फुलांत पडून असायची, सुट्टीवर असल्यासारखी. तिच्या शेजारी आई माझी शाळेची पुस्तकं ठेवायची. पुढे कॉलेजची. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. बी.एस्सी.चा निकाल लागला त्या वर्षी आईने गुणपत्रिका कात्रीजवळ ठेवली, पण तिच्यावर फूल वाहिलं नाही. ओलं फूल लागून शाई पसरेल, म्हणाली. तिने नुसते हात जोडले.

मग नारळ. आई तो कात्रीवरून ओवाळायची आणि उंबऱ्याबाहेरच्या दगडावर फोडायची. एक वाटी देवापुढे, दुसरीचे तुकडे आमच्या हातावर. खोबरं खाऊन झालं की करवंटी चुलीत. चुलीतली राख भांड्यांना, भांड्यांचं पाणी परसातल्या अळूला. पानं कापून उरलेले कपटेसुद्धा आई पोत्यात भरून ठेवायची, पावसाळ्यात चूल पेटवायला. फेकून द्यायचं म्हणजे कुठे, हा प्रश्न आमच्या घरात कधी पडलाच नाही.

तर आयुधापुढे जे फुटतं ते प्रसाद म्हणून खायचं, एवढंच मला ठाऊक होतं. आणि या एवढ्याशा ज्ञानाच्या भरवशावर मी एका दसऱ्याला चामराजपेटेतली आमची अख्खी गल्ली अडचणीत आणली.

मी ज्या प्रेसमध्ये काम करते तो त्या गल्लीच्या तोंडाशी आहे. लग्नपत्रिका, शाळेच्या वह्या, देवळांची पंचांगं असं आम्ही छापतो. छापायला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. माझं कन्नड सीमेवरचं, रांगडं. पहिल्या दिवशी मी बोलायला तोंड उघडलं तेव्हा मशीनवरची माणसं हसली होती. अण्णा हसले नाहीत. "वाचता येतं ना नीट? मग बोलणं होईल स्वल्प स्वल्प," म्हणाले. एवढ्या मोठ्या शहरात कुणीतरी मला खुर्ची दिली, टेबल दिलं, वर पंखा दिला. मी आजही त्या खुर्चीत बसताना एकदा हात लावून बसते.

प्रेससमोर मेहबूबसाब टेलरचं दुकान. त्याला लागून भट्रूंचं उभ्याने खायचं हॉटेल. पुढे फुलांचं दुकान, फ्रेमवाला आणि सायकलवाला. गल्ली संपते तिथे एक मोकळी जागा आणि तिच्या कोपऱ्यात पत्र्याची शेड. ती गंगक्काची. गंगक्का साठीची असेल. आजूबाजूच्या दुकानांतला कागद, पुठ्ठा, बाटल्या हातगाडीवर आणायच्या, शेडमध्ये बसून निवडायच्या आणि पुढे विकायच्या, यावर तिचं आयुष्य चाललेलं. मला ती पुट्टी म्हणते. पुट्टी म्हणजे लहान पोरगी. बंगळुरात मला लहान समजणारं दुसरं कुणी नाही, त्यामुळे ते ऐकायला मी उगीचच दोनदा तिच्या दारावरून जाते.

गल्लीतल्या दुकानांचं जे एकत्र काम पुढे उभं राहिलं, त्याची सुरुवात चन्नप्पाच्या टेम्पोने झाली. चन्नप्पा फुलं पिकवणारा शेतकरी. शहराबाहेरच्या आपल्या गावाहून पहाटेच फुलं घेऊन यायचा. मी कामावर पोचायची तेव्हा फुलं उतरवून तो भट्रूंकडे कॉफी पीत असायचा आणि मग टेम्पो रिकामा घेऊन परत जायचा. त्याच वेळी भट्रूंचा पोऱ्या नव्हे, स्वतः भट्रूच भाज्यांच्या सालांची बादली गल्लीच्या कोपऱ्यात ओतून यायचे. हे दोन्ही मी कितीतरी दिवस एकाच पायरीवरून पाहत होते. एकदा धीर करून विचारलं, "चन्नप्पा, रिकामा जाताना ही सालं शेताला नेशील का?"

"नेईन की," तो म्हणाला. "पण आत प्लॅस्टिक सापडलं तर परत आणून भट्रूंच्या टेबलावर ठेवीन. आधीच सांगतो."

आणि त्याने ते खरोखर केलं. आठवड्याभरात दुधाची दोन रिकामी पाकिटं स्वच्छ धुऊन भट्रूंच्या टेबलावर, गिऱ्हाइकांसमोर. त्यानंतर भट्रूंच्या बादलीत प्लॅस्टिक गेलं नाही.

मग एकेक जण येत गेला. न खपलेली फुलं सालांबरोबर जाऊ लागली. मेहबूबसाबच्या चिंध्या गंगक्का गाद्या भरणाऱ्याकडे पोचवू लागली. आमच्या कटिंग मशीनखालच्या कागदाच्या पट्ट्या आम्ही तिला निवडूनच देऊ लागलो. प्रत्येक दुकानाने काय वेगळं ठेवायचं याची चिठ्ठी मी लिहिली आणि अण्णांनी ती उरलेल्या पत्रिकांच्या कार्डांच्या पाठीवर छापली. फ्रेमवाल्याच्या भिंतीवर अजूनही ती आहे. तिच्या मागच्या बाजूला कुणाच्या तरी लग्नाचा मुहूर्त आहे.

हे सगळं छान चाललं होतं, पण दसऱ्याचं भय होतं. आदल्या वर्षी मी खंडेनवमीला गावी गेले होते. परत आले तर गल्ली ओळखू येईना. इथे आयुधपूजेला प्रत्येक मशीनपुढे, प्रत्येक गाडीपुढे कोहळा ओवाळून रस्त्यावर फोडतात. फोडलेले कोहळे, खुंट, हार, पानं, सगळं प्रत्येकाने आपापल्या दारातून झाडून गल्लीच्या टोकाला लोटलं होतं. टोकाला म्हणजे गंगक्काच्या शेडपुढे. कचरा ना, मग तिच्याकडेच जाणार, असा साधा हिशेब. वर दोन दिवस पाऊस पडला. सुट्टीमुळे पालिकेची गाडी नाही. तो वास माझ्या अजून लक्षात आहे. आणि मग ज्यांनी ते तिथे लोटलं त्यांनीच जागेच्या मालकीणबाईंकडे तक्रार केली की शेडचा वास येतो.

जागा सरोजम्मांची. बसवनगुडीत राहतात, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना मिस म्हणतात. त्या ऑटोने आल्या, नाकाला पदर न लावता पाच मिनिटं तिथे उभ्या राहिल्या आणि गंगक्काला म्हणाल्या, "पुढच्या दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी मी येईन. असा वास आला तर शेड रिकामी करायची. वाद नको."

गंगक्काने वाद घातला नाही. "सरी अम्मा," म्हणजे बरं, एवढंच म्हणाली.

त्या शेडशिवाय ती कुठे गेली असती? निवडायला जागा नाही म्हणजे काम नाही. आणि तिच्याशिवाय आमच्या सगळ्या बादल्या, चिठ्ठ्या, वेगळं ठेवणं, याला काय अर्थ होता? म्हणून तो पुढचा दसरा जवळ येऊ लागला तशी मी परीक्षेच्या आधी व्हायचे तशी झाले. शाळेत असताना आमचे मुख्याध्यापक सांगायचे, पेपर हातात पडायच्या आधी वाटणारी भीती ही अर्धी तयारी असते. मी तयारीला लागले.

आधी कोहळा रस्त्यावर फोडायचा नाही, हे पटवायचं होतं. अण्णाच म्हणाले, "फोडायचाच असतो तो. आवाज आला पाहिजे. नाहीतर दृष्ट गेली हे कळणार कसं?"

भट्रू मदतीला आले. गल्लीत पूजा-अर्चेच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. "कापला तरी चालतो," ते म्हणाले. "आमच्या घरी कापतातच. दाणकन फोडणं हे लॉरीवाल्यांचं."

लॉरीवाल्यांमध्ये गणना व्हायला अण्णांची तयारी नव्हती. ठरलं: कोहळे कापायचे, ताडपत्रीवर. खुंट आणि पानं एका बाजूला, फुलं एका बाजूला. दशमीला चन्नप्पा टेम्पो घेऊन येईल आणि सगळं नेईल. मी सहाही दुकानांत जाऊन सांगून आले.

आयुधपूजेची सकाळ सुंदर होती. बंद मशीनांचा प्रेस कसा दिसतो ते पाहायला हवं. एरवी त्या खडखडाटात मनातलंही ऐकू येत नाही. त्या दिवशी शाईचा वास आणि कापराचा वास एकमेकांत मिसळलेले, कटिंग मशीनच्या पात्यावर भस्माची तीन बोटं, मशीनवरच्या माणसांच्या कपाळावरही तीच. अण्णांनी सगळ्यांना चुरमुऱ्यांचे पुडे वाटले. इथे त्यांना पुरी म्हणतात, त्यांत फुटाणे आणि बत्तासे असतात. मेहबूबसाबच्या शिलाई मशीनवरही शेवंतीचं एक फूल होतं. "अण्णांच्या घरचं येतं दरवर्षी," ते म्हणाले. "मी नको म्हणत नाही. मशीनपण म्हणत नाही."

सगळ्या दुकानांचे मिळून तेवीस कोहळे कापले गेले. मोजले मीच. पांढरीशुभ्र, पाणीदार फोड, काठाला कुंकू. ताडपत्रीवर त्यांचा ढीग लागला. इतकं अन्न! आमच्या घरी कोहळा आणला तर सालीचीही चटणी व्हायची. गंगक्का सकाळपासून बहिणीकडे गेली होती, विचारायला कुणी नव्हतं. आणि मला विचारावंसं वाटलंच नाही, हे जास्त खरं. मी त्यातल्या चांगल्या दहा-बारा फोडी निवडल्या, कुंकवाचा काठ कापून टाकला, नळाखाली धुतल्या, गंगक्काचं हिरवं क्रेट रिकामं पडलं होतं त्यात भरल्या आणि भट्रूंच्या हॉटेलच्या मागच्या दाराशी नेऊन ठेवल्या. भट्रू देवळात गेले होते. त्यांचा स्वयंपाकी ओडिशाचा, नुकताच आलेला. "कोहळा? बहुत अच्छा, दीदी," म्हणून त्याने क्रेट आत घेतलं. मी हात पुसत प्रेसमध्ये परत आले. परीक्षेत न विचारलेल्या प्रश्नाचंही उत्तर लिहून आल्यासारखं वाटत होतं.

दुपारी आरडाओरडा ऐकू आला.

भट्रू हॉटेलच्या पायरीवर बसले होते. अंगावर नवं उपरणं, चेहरा पांढरा. आत चुलीवर मज्जिगे हुळी रटरटत होती, म्हणजे ताक-खोबऱ्यातली कोहळ्याची आमटी. आणि टेबलाशी उभे राहून मेहबूबसाब दुसरी वाटी संपवत होते. चुलीजवळ उरलेल्या एका फोडीला कुंकवाचा ठिपका राहिलेला.

"अय्यो, अख्ख्या गल्लीची दृष्ट!" भट्रू म्हणत होते. "अख्ख्या गल्लीची दृष्ट आणून शिजवली माझ्या चुलीवर!"

तेव्हा मला कळलं. आमचा नारळ हा प्रसाद असतो. इथला कोहळा प्रसाद नसतो. तो आपल्यावरचं सगळं वाईट स्वतःवर घेतो, म्हणून त्याला घरात आणायचं नसतं, खायचं तर नाहीच नाही. हे इथे इतकं सगळ्यांना माहीत की कुणी मला सांगितलंच नव्हतं. पाण्याने भिजतं हे कुणी कुणाला सांगतं का?

"कशातून आला हा आत?" भट्रूंनी विचारलं तसं स्वयंपाक्याने हिरव्या क्रेटकडे बोट केलं.

"गंगाचं क्रेट आहे ते," फ्रेमवाला म्हणाला. "तरी मी सांगत होतो, त्या शेडचा नाद सोडा. मिसना आत्ताच फोन करा. तीन दिवस कशाला थांबायचं?"

मी तिथेच उभी होते, हातात पुरीचा पुडा. आणि मी बोलले नाही. फार वेळ नाही, पण बोलले नाही. इतकी माणसं, अण्णाही बाहेर आलेले, आणि माझी ती खुर्ची. तेवढ्यात गंगक्का गल्लीत शिरली. केसांत फुलं, अंगावर ठेवणीतलं लुगडं. तिने सगळ्यांचे चेहरे पाहिले, क्रेट पाहिलं, आणि काय झालं हे न विचारता पदर कमरेला खोचून ते क्रेट उचलायला वाकली. दोष आपलाच असणार याची तिला इतकी सवय झाली होती.

ते पाहिलं आणि माझ्या तोंडून आवाज फुटला. "भट्रू, मी ठेवलं ते. कोहळे मी निवडले, मी धुतले. गंगक्काला माहीतही नाही."

सगळे माझ्याकडे वळले. "तू?" भट्रू म्हणाले. "तू तर शिकलेली ना गं?"

"शिकलेली आहे म्हणूनच," मेहबूबसाब वाटी खाली ठेवत म्हणाले. "अडाणी माणूस असली चूक करेल का?" मग स्वतःच्या पोटावरून हात फिरवत, "दोन वाट्या झाल्या, भट्रू. आता गल्लीची सगळी दृष्ट माझ्या पोटात. तुम्ही सगळे सुटलात."

सायकलवाला हसला. अण्णांनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलताना दिसले. भट्रू हसले नाहीत. उठले, चूल विझवली, हॉटेल बंद केलं आणि स्वयंपाकघर धुवायला घेतलं. मी मदतीला गेले तर म्हणाले, "नको. तू आज कशालाच हात लावू नकोस."

संध्याकाळी आईला फोन केला. सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अगं, कुणाला तरी विचारायचं होतंस." एवढंच. माझ्या सगळ्या शिक्षणात हा धडा कसा राहून गेला कोण जाणे. तोंड वर करून विचारायची मला लाज वाटायची. मला माहीत नाही असं म्हटलं तर आपण पुन्हा त्याच गावातल्या, त्याच शाळेतल्या ठरू, असं काहीतरी. अलीकडे ते कमी झालं आहे. आता मी दिवसातून दहादा विचारते. लोक कंटाळतात, पण सांगतात.

दशमीच्या सकाळी चन्नप्पा आला. टेम्पो धुतलेला, काचेवर कुंकवाचा टिळा, पुढे केळीचे दोन खुंट बांधलेले, नवरदेवासारखा. त्याने आमचे खुंट चढवले, पानं चढवली, फुलं चढवली. कोहळ्यांकडे पाहून थांबला.

"हे बेडा," तो म्हणाला. "नको. काल पूजा झाली गाडीची. आज तिच्यावर गल्लीची दृष्ट लादू? बायको घरात घेणार नाही, मला आणि टेम्पोला."

मी विनवण्या केल्या. अण्णांनी सांगून पाहिलं. तो बिचारा अवघडला, पण मान हलवत राहिला. टेम्पो गेला. ताडपत्रीवर कोहळे राहिले, काठांना तपकिरी पडायला लागलेले. आभाळ भरून आलं होतं. सरोजम्मा परवा येणार होत्या. तेव्हा मी तिथेच ताडपत्रीच्या कडेला बसले आणि मला रडू आलं.

गंगक्का तिची हातगाडी ढकलत आली. "ऊठ पुट्टी. माझ्या गाडीला कुठे कुणी पुजलंय? घाल यात."

ती हे सहज म्हणाली, पण मला ते लागलं. गल्लीतली कात्रीसुद्धा काल फुलांत बसली होती. सगळ्या गल्लीचं रोज वाहून नेणारी ही गाडी मात्र कुणाच्या ध्यानातही आली नव्हती. माझ्याही नाही.

"पण न्यायचं कुठे?" मी विचारलं. होय, या वेळी विचारलं.

"मागे. खड्डा खणू. मातीला कुणाची लागत नाही."

शेडमागच्या जागेत आम्ही खणायला लागलो. पहिला पाऊण हात गंगक्काने खणला, पुढचं मेहबूबसाबनी, फाटक्या लुंगीवर येऊन. "माझ्या पोटातल्या फोडींचे हे साथीदार, त्यांना पोचवायला आलो," म्हणाले. आणि इथे माझं बी.एस्सी. कामाला आलं. नुसते कोहळे पुरले तर पाणी सुटून सडतील आणि वास येईलच. कोरडं काहीतरी थरांत घालायला हवं. प्रेसमधून मी कागदाच्या पट्ट्यांची पोती ओढून आणली. गंगक्का मुठीत पट्ट्या घेऊन बोटांनी चोळायची आणि चकचकीत कागद न बघताच बाजूला काढायची. तो कुजत नाही, हे तिला कुठल्याच पुस्तकाने सांगितलं नव्हतं. एक थर कोहळे, एक थर कागद, वर माती. मग पुन्हा. लग्नपत्रिकांच्या कडांचे गुलाबी, पिवळे, अबोली तुकडे त्या पांढऱ्या फोडींवर पडत होते, आणि खड्ड्यात कुणाचा तरी समारंभ चालल्यासारखं दिसत होतं.

वरचा थर बाकी होता तेव्हा भट्रू आले. हातात कालचं पातेलं. सगळी हुळी खड्ड्यात ओतली. पातेलं पालथं केलं, बुडाला थाप मारली. मग म्हणाले, "खोबरं ताजं होतं गं." त्यात राग नव्हता, दुःख होतं. त्या खोबऱ्याचं मलाही वाईट वाटलं.

दुपारी अण्णांनी ताट आणलं आणि धुतलेल्या हातगाडीला कुंकू लावलं. पाऊस आला तो त्यानंतर.

आता हे लिहिताना वाटतं, त्या पावसात मी किती वेळा शेडमागे जाऊन हुंगून आले असेन! रात्री स्वप्नात वास यायचा. सकाळी जाऊन पाहावं तर नुसती ओली माती. गंगक्का म्हणायची, "सारखी हुंगू नकोस, माती लाजेल."

तिसऱ्या दिवशी सरोजम्मा आल्या. ऑटोतून उतरून काठी टेकत सरळ गल्लीच्या टोकाला. फ्रेमवाला दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. आपण तक्रार केली होती आणि आता काय होतं ते पाहायचंय, असं दोन्ही त्याच्या तोंडावर. सरोजम्मांनी शेडला एक फेरी मारली. आत डोकावल्या. मागे गेल्या. मग पालथ्या घातलेल्या क्रेटवर, त्याच हिरव्या क्रेटवर, बसल्या आणि म्हणाल्या, "उन्हातून आलेय. कुणी ताक देईल का?"

भट्रू स्वतः घेऊन आले, आलं-कोथिंबीर घातलेलं. त्या शेडच्या दाराशी बसून सरोजम्मांनी ते घोटघोट प्यायलं. पेला खाली ठेवून काठीने मागे दाखवलं. "तिथे माती खणलेली दिसते. काय आहे?"

गंगक्का माझ्याकडे बघून बारीकशी मान हलवत होती, सांगू नको म्हणून. पण एकदा गप्प राहून पाहिलं होतं.

"कोहळे आहेत, मिस."

"पूर्ण वाक्यात सांग."

मी पूर्ण वाक्यात सांगितलं. नारळापासून हुळीपर्यंत, टेम्पोपासून खड्ड्यापर्यंत. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, काय केलं होतं आम्ही! अख्ख्या गल्लीची दृष्ट या बाईंच्या जागेत, त्यांना न विचारता पुरली होती. माझा आवाज बारीक होत गेला. भट्रू पेला उचलायचं विसरून उभे राहिले.

"किती होते?" सरोजम्मांनी विचारलं.

"तेवीस, मिस."

त्यांनी खणलेल्या मातीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आमच्या यजमानांनी ही जागा घेतली त्याला तीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत हिच्यावर कुणाची नजर म्हणून पडली नाही. एक गिऱ्हाईक आलं नाही. आता बघू, तेवीस एकदम पडल्यात तर." आणि तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या हे कळायला आम्हांला थोडा वेळ लागला.

शेडचं काय, ते त्यांनी सांगितलंच नाही. गंगक्काकडे वळून वेगळंच बोलल्या, आणि आवाज जरा खाली गेला. "माझ्या फाटकाशी तीन दिवस झाले खुंट पडलेत. हारांचा ढीग आहे. आमच्या रस्त्यावर कुणी नेत नाही. आज सकाळी तर फार वास सुटला होता. तू येशील का गाडी घेऊन?"

आदल्या दसऱ्याला याच बाई पाच मिनिटं इथे उभ्या राहिल्या होत्या.

गंगक्काने लगेच हो म्हटलं नाही. ती कामाच्या बाबतीत कुणाचंच लगेच ऐकत नाही. "हारांतला दोरा काढलाय का अम्मा?" तिने विचारलं. "नायलॉनचा असतो. तो मातीत तसाच राहतो. दोरा वेगळा, फुलं वेगळी. करून ठेवा, मग येते."

सगळा जन्म दुसऱ्यांच्या वह्या तपासण्यात गेलेल्या सरोजम्मा काठीवर दोन्ही हात ठेवून तिच्याकडे पाहत राहिल्या.

"काढते," त्या म्हणाल्या.

त्याला आता काही वर्षं झाली. शेड आहे तिथेच आहे. शेजारच्या गल्लीतली चार दुकानंही आता आमच्यात आली आहेत, आणि दसऱ्याआधी खड्डा खणायला फ्रेमवाला सगळ्यांच्या आधी हजर असतो. चन्नप्पा खुंट नेतो, कोहळे अजूनही नेत नाही. त्याला कुणी आग्रहही करत नाही. सरोजम्मांना हल्ली गल्लीपर्यंत येववत नाही. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडून ऑटोवाल्याबरोबर दोन पिशव्या येतात. मोठीत फुलं असतात, एकेक सुटी केलेली. छोटीत दोरा, नीट गुंडाळी करून.